वहिनीच्या टाकीतली हिरवाई

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाय. बायकोलाही नाय. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण काय सांगायचं?

करमाडहून नोकरीसाठी औरंगाबादेत आलो, तेव्हा दादा-वहिनीकडंच राहायचो. वहिनीनं हौसेनं काचेची टाकी आणलेली. पाच सोनेरी मासे, तळाच्या वाळूत चार रोपं. टाकीवर ऊन पडू देऊ नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. पण उन्हात मासे लई देखणे दिसायचे, म्हणून तिनं ती खिडकीतच ठेवली. आधी माशांना दाणे, मग आम्हाला ताट — असा तिचा जीव होता त्यांच्यावर.

पुढं रोपं पिवळी पडायला लागली. मी शेतकऱ्याचं पोरगं — पिवळं पान दिसलं की आमचा हात कुठं जातो? कुंड्यांसाठी गावाकडून आणलेला युरिया घरात होता. वहिनीला न सांगता चिमूटभर टाकला.

चार दिवसांनी पाण्यावर हिरवी झाक आली. आणि सहाव्या दिवशी — काय सांगू! सकाळचं ऊन पाण्यातून आरपार येत होतं अन् समोरची भिंत हिरवीगार झाली होती. ना नांगरट, ना पेरणी, नुसत्या पाण्यात एवढं पीक? मी खुळ्यागत बघत बसलो. हे शेवाळ आहे, कळत होतं. मासे वर येऊन तोंडं उघडतायत, तेही दिसत होतं. तरी मी दुसरी चिमूट टाकली. आता हिला चूक म्हणायचं? नाय. मला अजून हिरवं बघायचं होतं.

दोन दिवसांत पाचही मासे उलटे तरंगले. दादा म्हणाला, खिडकीत ठेवू नको म्हणून सांगितलं होतं ना. उन्हानं शेवाळ धरलं, शेवाळानं मासे गेले, असंच सगळे धरून चालले. वहिनी मान खाली घालून काच घासत होती. मी शेजारी बसून घासू लागलो — वर तिची समजूतही काढली!

तिनं परत काही पाळलं नाय. कुंड्यासुद्धा शेजारणीला देऊन टाकल्या.

पुढं मला मुलगी झाली. दवाखान्यात मी बाळ पहिल्यांदा वहिनीपुढंच धरलं. तिनं हात पदराखाली घेतले.

"नको भाऊजी. माझ्या हाताला जीव लाभत नाय."

बायकोला तपासायला नेलेलं, खोलीत आम्ही तिघंच होतो, मी, वहिनी अन् एका दिवसाचं बाळ. तेव्हा तरी सांगता आलं असतं. मी "बरं" म्हणालो आणि बाळ पाळण्यात ठेवलं.