फुगडीची रांग
माझ्याच मुलीला सकाळपासून घोटभर पाणी पिऊ दिलं नाही, हा गाढवपणा माझा. आज ट्रंकेतून तिचं लहानपणीचं नऊवारी पातळ काढलं आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर तो दिवस आठवला. सात वर्षांची पोर, डिचोलीतल्या शाळेचं पटांगण, आणि मी तिला बजावतेय, "पाणी पिऊ नको गो बाये, मध्येच काष्टा सोडावा लागेल." केवढी हुशार आई होते मी. शाळेच्या कार्यक्रमाचे पाहुणे दहाला यायचे होते, बारा वाजले तरी पत्ता नाही. रस्त्यावरून खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ येत होती आणि फुगडीच्या मुली उन्हात रांगेत उभ्या होत्या. माझ्या मुलीचे ओठ पांढरे पडलेले दिसले, तशी मी कळशी उचलून रांगेत शिरले. वर्गाच्या बाई आडव्या आल्या. "वहिनी, रांग मोडू नका, पाहुणे पुलापाशी पोचले." "मग पाहुण्यांनाच घालू द्या फुगडी," म्हणत मी सगळ्या मुलींना आंब्याखाली बसवलं, पोटभर पाणी पाजलं आणि एकेकीच्या कमरेच्या गाठी सैल केल्या. पाहुणे आले तेव्हा पटांगण रिकामं होतं. आजही मी हेच करीन, फक्त दोन तास आधी. संध्याकाळी त्याच बाई आमच्या दारात आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, "रांगेत तिसरी माझी मुलगी होती, वहिनी. मला धीर झाला नाही."