लोलकवाले नानाजी

राजापेठेतल्या नानाजी राऊतांच्या घरी जाणाऱ्याला आधी चहा मिळत नसे, बसायला सतरंजीही मिळत नसे. उंबऱ्याशीच हुकूम सुटे, "हात दाखवा." मी तेव्हा पुण्याहून अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला नुकतीच आले होते. हेडबाईंनी मला मुद्दाम त्यांच्याकडे पाठवले होते. तो हुकूम ऐकून मी हात पदराखाली घेतला आणि ठसक्यात म्हणाले, "माझा ज्योतिषावर विश्वास नाही."

"माहाबी नाई," नानाजी म्हणाले. "दाखवा म्हणतो ना."

मी हात पुढे केला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काचेचा एक लोलक काढून दारातल्या उन्हात धरला आणि माझ्या तळहातावर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडला. शास्त्राची पदवी घेतलेली मी, हे सगळे परीक्षेत लिहून आले होते. पण माझ्या हातावर ते कोणी ठेवले नव्हते. "हे जेवढं दिसून राहिलं ना बाई, तेवढी दाराची फट हाय," ते म्हणाले. "घर पलीकडे हाय. या आता, बसा." त्या दिवशी बसले ती त्यांच्या मंडळाची चिटणीस होऊनच उठले.

मंडळाचे नाव भारदस्त होते : 'दृश्यादृश्य किरण अभ्यास मंडळ'. पेठेत मात्र त्याला लोलकवाल्याचे घर म्हणत. नानाजींची काळी जमीन होती, तिच्या उत्पन्नावर हा संसार चाले. कलकत्त्याला शिकून आल्यावर त्यांनी नोकरी धरली नाही, ओसरीच्या दोन खोल्यांत हे मंडळ काढले. प्रकाश, उष्णता, बिनतारीच्या लहरी, क्ष-किरण ही सगळी एकाच कुळातली भावंडे, हे ज्याला ऐकायचे असेल त्याने यावे, फी नाही. शाळामास्तर येत, वकील येत, भाजी विकून परत निघालेल्या माळणी टोपली खाली ठेवून घटकाभर टेकत. जांभळ्याच्या पलीकडे काय असते हे त्यांना वऱ्हाडीत समजावताना नानाजींच्या अंगात वारे भरे.

लोलकांचा पुरवठा मात्र घरातूनच होई. नानाजींच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या माहेरी, अचलपूरला, जुने झुंबर होते. लग्नानंतर ते बैलगाडीतून, कडब्यात गुंडाळून अमरावतीला आले होते. "माह्या बाबाचं झुंबर पार भुंडं करून टाकलं यायनं," काकू मला ऐकवत. "जो मास्तर येते, त्याच्या हाती एक लोलक. म्या एक दिवस मंडळाले कुलूप लावतो का नाई पाहा." त्या स्वतःबद्दल बोलताना 'लावतो', 'करतो' म्हणत, आणि माझ्या पुणेरी कानाला पहिले वर्षभर ते झेपले नाही. रागातही आल्यागेल्याच्या पानात भाकरी आणि ठेचा त्याच वाढत.

मंडळाचा खरा अभिमान होता तो बिनतारी यंत्राचा. नानाजींनी ते स्वतः जुळवले होते, रीतसर परवाना काढला होता. रविवारी सकाळी अकोल्याचे त्यांचे मित्र, श्रीधरपंत वकील, तिकडून टकटक पाठवीत आणि नानाजी इकडून उत्तर देत. मजकूर बहुधा कापसाचा आणि हवेचा असे, पण तो ऐकायला माणसे अंगणात दाटीने उभी राहत. मग दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि खाजगी यंत्रे सरकारजमा करण्याचा हुकूम आला. शिपाई यंत्र घेऊन गेले, वर अंगणातल्या निंबावर ताणलेली त्याची तारही उतरवून नेली. त्यानंतरच्या रविवारी अंगणात कोणी आले नाही. श्रीधरपंत आगगाडीने स्वतः आले आणि म्हणाले, "नाना, पुरे झालं. मंडळ बंद कर."

नानाजींनी खिशातला लोलक त्या मोकळ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "यंत्र नेलं. सूर्य त नाई नेला ना?"

त्या हिवाळ्यात हिवरखेडहून बोलावणे आले. यंत्राशिवाय मंडळाची ही पहिलीच सभा. ती फसली असती तर पुन्हा कोणी बोलावले नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे मोटार आणि शेवटी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, असे हाडे खिळखिळी करत पोचलो. पाहतो तो काय! अमरावतीहून विद्वान येणार, त्यांना ऊन लागू नये, म्हणून गावाने जिवापाड मेहनत करून मांडव घातला होता. तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे छत, त्यावर निंबाचे डहाळे, चहूबाजूंनी सतरंज्या. आत भर दुपारी काळोख. सूर्य दाखवायला आलेल्या माणसाचे स्वागत गावाने सूर्य झाकून केले होते. मला रडूच यायचे बाकी होते.

"काहून, काही चुकलं का जी?" पाटलांनी घाबरून विचारले.

"चुकलं कुठी? याच्यापेक्षा झकास काम मले कलकत्त्यात बी पाहाले भेटलं नाई," नानाजी म्हणाले. दमणी आत घ्यायला लावून ते तिच्यावर चढले आणि त्यांनी छतातून थोडे डहाळे बाजूला सारून एकच तुराटी उपसली. काळोखात उन्हाची एक काडी उतरली. लोलक तिच्यात धरताच समोर पडद्यासारख्या ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर असा पट्टा उमटला, की सारे गाव एका दमात "अब्बब!" म्हणाले. तसा ठसठशीत पट्टा आम्ही राजापेठेत कधी काढला नव्हता.

मग त्यांनी मला थर्मामीटर तांबड्या रंगाच्या पलीकडे धरायला लावला, जिथे धोतर नुसतेच काळोखात होते. पारा चढू लागला. एक म्हातारी पुढे आली, तिने त्या काळोख्या जागी बोट फिरवले आणि स्वतःशीच म्हणाली, "अवं बाई, इथी उजेड नाई, पण ऊन हाय!" नानाजींनी तिला वाकून नमस्कार केला. परतीच्या वाटेवर ते वाक्य ते लहान मुलासारखे घोळवत होते. पुढे त्यांचे प्रत्येक व्याख्यान त्यानेच संपू लागले, आणि मंडळाला गावोगावहून बोलावणी येऊ लागली.

युद्ध संपता संपता नानाजींना काचबिंदू झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी गेलेली दृष्टी परत येणार नाही असे स्पष्ट सांगितले. उरलेलीही वर्षभरात गेली. शिपाई दारात आले तेव्हा न डगमगलेला हा माणूस मला म्हणाला, "बाई, आता लावा कुलूप. रंगच दिसत नाई, त लोकायले काय दाखवू?" काकू आत भाकऱ्या थापत होत्या, तो आवाज थांबला.

त्याच आठवड्यात अचलपूरचे चार शिक्षक आले. त्यांना काहीच माहीत नव्हते. मंडळाची ख्याती ऐकून आलेले, ते रीतीप्रमाणे उंबऱ्याशी हात पुढे करून उभे राहिले. मी तसे सांगितल्यावर नानाजी उठले, चाचपडत दारात आले. गालावर ऊन कुठून लागते ते पाहून त्यांनी लोलक धरला, थोडा फिरवला.

"पडला?"

"पडला," ते शिक्षक म्हणाले.

"बाई, थर्मामीटर तांबड्याच्या पलीकडे धरा. पारा?"

"चढतोय, नानाजी."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग झालं त. म्या बी आता तिकडेच राहाले गेलो. उजेड नाई, पण ऊन हाय." मी तोंड फिरवून डोळे पुसले. कुलपाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

त्यानंतर दोन-तीन हिवाळे त्यांनी तसेच शिकवले. ते गेले तेव्हा भेटायला माणसांची रीघ लागली. मास्तर, वकील, माळणी, हिवरखेडचे पाटील सारे आले. आणि काय सवय म्हणावी, जो येई तो उंबऱ्याशी थबके, हात अर्धवट पुढे करी आणि आपल्याच लक्षात येऊन मागे घेई. काकू आतून ते पाहत होत्या. शेवटी त्या उठल्या. झुंबराला उरलेला शेवटचा लोलक त्यांनी काढून घेतला आणि दारातल्या उन्हात येऊन उभ्या राहिल्या.

"मांगं काहून घेता?" त्या म्हणाल्या. "हात दाखवा."