नवऱ्याची सही

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते आणि वळसंगला माहेरी, अप्पा-अव्वांकडं परत येऊन मला दोन वर्षं होत आली होती. माझं लग्न झालं होतं. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होता. आठ महिने मी तिथं नांदले. मग नागपंचमीला म्हणून त्यानं मला गाडीत बसवून दिलं आणि मागोमाग एक कार्ड आलं, की आता तिकडंच राहावं. भांडण झालं नव्हतं. भांडायला लागतं तेवढं बोलणंच आमच्यात कधी झालं नव्हतं.

अप्पांचं गावात किराणा दुकान होतं. ग्रामसेवक एके दिवशी दुकानात आले ते एक छापील फॉर्म घेऊन. सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुलींना परिचारिकेच्या मदतनीसाचं शिक्षण मिळणार होतं. दीड वर्षाचा कोर्स, राहणं, जेवण आणि पांढऱ्या साड्या, सगळं एका ट्रस्टकडून. पुढं दोन वर्षं त्याच दवाखान्यात काम करायचं, एवढीच अट. मुलगी दहावी झालेली पाहिजे. गावात दहावी झालेल्या मुली दोन होत्या आणि दुसरीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं.

अप्पांनी फॉर्म वाचला. शेवटच्या ओळीशी ते थांबले. उमेदवार विवाहित असल्यास पतीची लेखी संमती जोडावी, असं तिथं छापलं होतं.

"अविवाहित लिवा की," ग्रामसेवक म्हणाले. "कोन बघतंय?"

"अख्खं गाव जेवलंय लग्नाला," अप्पा म्हणाले. "तुमी पन जेवलाव. दोनदा बुंदी घेतली."

ग्रामसेवकांनी खरंच घेतली होती.

मग आम्ही कुर्डुवाडीला गेलो. एसटीनं सोलापूर आणि तिथून पॅसेंजर. गाडीत अप्पा माझ्याशी कानडीत बोलत होते, म्हणजे घरचं काही बोलायचं असलं की बोलत तसं. पण बोलले फक्त शेंगांच्या भावाबद्दल. मोहोळ गेल्यावर म्हणाले, "तू काई बोलू नको तितं. मी बोलतो." मी बरं म्हटलं.

रेल्वेच्या चाळीत तीच खोली होती. दार एका बाईनं उघडलं. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल. आम्ही कोण ते तिनं विचारलं नाही, आणि ती कोण ते आम्हीही विचारलं नाही. तिनं चटई टाकली, पाणी दिलं. पाण्याचा तांब्या माझ्या लग्नातला होता. त्यावर माझं माहेरचं नाव कोरलेलं होतं. मी नाव दिसणार नाही असा तो धरला आणि पाणी प्याले. तहान खरोखरच लागली होती.

दुपारचा भोंगा झाला आणि तो जेवायला आला. आम्हाला पाहून दारात चप्पल काढायची विसरला. मग परत मागं जाऊन काढली.

बोलणार अप्पा होते. त्यांनी नुसताच फॉर्म पुढं केला. त्यानं तो उभ्यानंच वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

"हा कागद आमच्या साहेबाकडं जानार न्हाई न्हवं?" त्यानं विचारलं. सरकारी नोकरीत दोन बायका चालत नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"न्हाई," मी म्हणाले. "दवाखान्यात जानार."

"किती दिवस हाय?"

"दीड वर्ष. आनि मग दोन."

"ऱ्हायाचं?"

"तितंच."

"मग बरं हाय," तो म्हणाला. एवढं लांबलचक बोलणं आमचं आठ महिन्यांत झालं नव्हतं.

त्यानं इंग्रजीत सही केली आणि खाली रेघ ओढली. सहीखाली एक रकाना होता, उमेदवाराशी नाते. तिथं पेन थांबलं. अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसले. मूल रडायला लागलं, तशी ती बाई त्याला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "पती लिवा की. कागदाला खरंच लिवावं लागतंय."

त्यानं पती लिहिलं. अक्षर बरं होतं त्याचं.

मला त्या क्षणी काय वाटलं, हे मला पुष्कळांनी विचारलंय. वाईट वाटायला हवं होतं. पण माझं सगळं लक्ष शाई वाळतेय का इकडं होतं. वाईट मग वाटलं, स्टेशनावर, वडा खाताना. मी रडले, आणि अप्पांनी आणखी एक वडा आणून दिला.

निघताना त्या बाईनं तांब्या रिकामा करून, पदरानं पुसून माझ्यापुढं धरला होता. मी म्हटलं, "राहू दे." अप्पा म्हणाले, "आण." आणि पिशवीत टाकला.

मुलाखत मेट्रननं घेतली. पन्नाशीची, उंच, पांढरी साडी, छातीला उलटं घड्याळ टाचलेलं. तिनं संमतिपत्र पाहिलं.

"नवऱ्याची परवानगी आहे म्हणतेस. पण मध्येच येऊन घेऊन गेला तर? दीड वर्ष सोडेल का तो तुला?"

"सोडलंय," मी म्हणाले.

तिनं कागद दुसऱ्या ढिगाऱ्यावर ठेवला. तो ढीग घ्यायच्या मुलींचा की न घ्यायच्या, ते मला कळेना.

"रक्त बघवतं?"

"बघितलं न्हाई."

तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातून आरडाओरडा ऐकू आला. कानडीत. मेट्रन वैतागून उठली. "मैंदर्गीची आहे ती. काल दुपारपासून हेच चाललंय. मराठी येत नाही, इंजेक्शन घेताना चावते." मी म्हटलं, मला कानडी येते. दारात काढलेल्या चपला मी हातात घेतल्या आणि ती मला तशीच आत घेऊन गेली.

खाटेवर एक धडधाकट म्हातारी बसली होती. मी कानडीत विचारलं, आज्जी, कुठं दुखतं? तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "नंगेनू आगिल्ल!" म्हणजे मला काहीही झालेलं नाही. आजारी होती तिची जाऊ. जावेला दाखवायला ती सोबत आली होती. जाऊ सुई बघून घाबरली, लघवीला जाते म्हणून उठली आणि परतलीच नाही; थेट मैंदर्गीची एसटी पकडून गेली, हे नंतर कळलं. ही खाटेवर तिची वाट बघत बसली होती. तेवढ्यात इंजेक्शनवाले आले.

मी हे मेट्रनला मराठीत सांगितलं. मेट्रननं केसपेपर उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"किती इंजेक्शनं झाली?" तिनं तिथल्या नर्सला विचारलं.

"पाच."

"विचार तिला, आता काही त्रास होतोय का."

मी विचारलं. म्हातारी थोडा विचार करून म्हणाली, गुडघे बरे वाटतायत.

मेट्रननं माझं नाव लिहून घेतलं ते तिथंच, वॉर्डातल्या टेबलावर.

पहिल्या महिन्यात आम्ही बारा मुली नुसत्या चादरी घालत होतो. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, यावर मेट्रनचा जेवढा विश्वास होता तेवढा औषधांवरही नव्हता. मग जखमांचं ड्रेसिंग बघायला नेलं. मशीनमध्ये हात गेलेला एक तेलुगू विणकर होता. पट्टी सुटली आणि मला भिंत वाकडी दिसायला लागली. मागून मेट्रन शांतपणे म्हणाली, "पडायचं असेल तर डावीकडं पड. उजवीकडं ट्रे आहे." मी डावीकडं पडले. शुद्धीवर आले तेव्हा तो विणकर मोडक्यातोडक्या मराठीत मला विचारत होता, बाई, लागलं का?

दुसऱ्या दिवशी मी आपणहून त्याच्याच खाटेपाशी गेले. तिसऱ्या दिवशी उभी राहिले. आठवड्यानं ट्रे माझ्या हातात होता. धाडस वगैरे काही नव्हतं. परत जायचं तर कुठं, वळसंगला की कुर्डुवाडीला, हे ठरवण्यापेक्षा पट्टी सोडणं सोपं होतं. नंतर नंतर मात्र, जखम कडेनं गुलाबी होत भरत यायला लागली की मला आतून बरं वाटायचं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या महिन्यात अप्पा न कळवता आले. मी व्हरांड्यातून बेडपॅन घेऊन चालले होते, वर कापड झाकलेलं. अप्पा समोर उभे. कपाळाला विभूती, हातात शेंगांच्या चटणीचा डबा. त्यांनी माझी पांढरी साडी पाहिली, मग कापड पाहिलं, मग त्यांना वास आला.

"हेच शिकवत्यात?" त्यांनी विचारलं.

"हे पन शिकवत्यात."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बघितलं. मग म्हणाले, "अव्वाला सांगतो. पावन्यांना नगं."

"बरं."

ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि मला वाट करून दिली. हातातलं भरलेलं असल्यामुळं मी थांबले नाही.

कोर्स संपला. बाराजणींतल्या नऊजणी पास झाल्या, त्यात मी होते. दोन वर्षांची अट पुरी झाली त्या दिवशी मेट्रननं विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, दुपारची ड्यूटी आहे माझी. ती म्हणाली, मग जा, दोन वाजले.

मी गेले. त्याच दवाखान्यात पुढं अठ्ठावीस वर्षं जात राहिले.