कूल-डाउनचं गाणं

मी सायकल शिकवते असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी लहान मुलांना मैदानात सायकलवर बसवून मागून धरून पळते. तसं नाही. इंदूरमध्ये दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका जिममध्ये सोळा सायकली जागच्या जागी उभ्या असतात. सकाळी सहाला त्यांच्यावर सोळा माणसं बसतात, मी समोरच्या सायकलवर चढते, गाणं लावते आणि कुठेही न जाता आम्ही पाऊण तास घामाघूम होतो. माझ्या बाबांना याची फार गंमत वाटायची. मी क्लासहून घरी आले की ते विचारायचे, "आज कुठपर्यंत पोचलात? हातोद गाव आलं का?"

लोकांना आणखी एक वाटतं, की गाणी मी मनाला येतील तशी लावते. गाणी मोजून लावावी लागतात. ठेका पडला की उजवा पाय खाली आला पाहिजे. सपाट रस्त्याला जलद गाणं, चढाला संथ आणि जड, आणि शेवटी पाय मोकळे करायला कूल-डाउनचं, म्हणजे सगळ्यात गोड आणि सगळ्यात निवांत. ठेका चुकला तर गाणं कितीही सुंदर असो, सगळ्यांचे पाय गाण्याशी भांडत बसतात.

मोजायचं काम बाबांचं होतं. ते कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. राजेंद्र नगरच्या आमच्या घरात सकाळचा पेपर दोनदा वाचून झाला की त्यांना दिवस खायला उठायचा. एकदा मी त्यांच्यासमोर बसून फोनवरच्या ॲपमध्ये एका गाण्याचा वेग बघत होते. ॲप म्हणालं, मिनिटाला एकशे चव्वेचाळीस. बाबांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, पंधरा सेकंद टेबलावर बोट आपटलं, चारने गुणलं आणि म्हणाले, "बहात्तर. तुझ्या मशीनला दुप्पट आणि निम्म्यातला फरक नाही समजत." त्यांचंच बरोबर होतं. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं आठवड्याची गाणी निवडायला बसू लागलो.

भांडणं भरपूर व्हायची. मी तापट आहे, आणि हा तापटपणा मी कुठून आणला ते सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. "हे नको लावू, बेटा," ते म्हणायचे, "ह्याच्यावर चढ चढणारा माणूस बीच में उतरून चहा प्यायला जाईल." आमच्या क्लासला परदेशीपुऱ्यात कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ येतात, सगळे त्यांना इंदुरी थाटात भिया, म्हणजे भैया, म्हणतात. त्यांना एक ढोलाचं पंजाबी गाणं फार प्रिय. "दीदी, वो ढोल वाला! आज पूरा हिला दो!" बाबांना ते गाणं सहन व्हायचं नाही. "ये कोई गाना है? पत्र्यावर दगड पडताहेत नुसते." पण मोजून मात्र द्यायचे. आणि वर म्हणायचे, "ठेका पक्का आहे, ते मानलं पाहिजे."

त्यांचं स्वतःचं गाणं वेगळं होतं. एक जुनं मराठी भावगीत, सुरुवातीला लांबलचक बासरी. तरुणपणी रेडिओवर ऐकलेलं. आई म्हणायची, "माझं तोंड बघायच्या आधीपासून हे गाणं त्यांच्यासोबत आहे. सवत आहे माझी, काय करू, ठेवून घेतली." मी ते क्लासमध्ये कूल-डाउनला लावायला लागले. मराठीचं अक्षरही न कळणारी मंडळी त्यावर डोळे मिटून घ्यायची. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि तिसऱ्यांदा वाचला.

मग एका रविवारी पंधरा सेकंद झाले, बाबांनी घड्याळाचा हात खाली घेतला, आणि त्यांचं बोट टेबलावर आपटतच राहिलं. आम्ही दोघं त्या बोटाकडे बघत बसलो. त्यांनी दुसऱ्या हाताने ते दाबून धरलं. सोडलं की पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं. सायकल चालवणं चांगलं, असंही सांगितलं, आणि मला इतका हुरूप आला की विचारू नका. सायकल म्हणजे माझं राज्य. जिमवाले जुन्या सायकली काढत होते, त्यातली एक मी घरी आणून व्हरांड्यात बसवली. रोज संध्याकाळी अर्धा तास, पाच गाणी. पाचवं गाणं अर्थातच त्यांचं. बासरी सुरू झाली की मी क्लासमध्ये सांगते तसंच सांगायची, "आता हळू... लोड कमी करा... श्वास सोडा... आणि थांबा." दोन वर्षांत एकही संध्याकाळ आम्ही चुकवली नाही. पुढे पुढे मला सांगावंही लागेना. बासरी लागली की त्यांचे पाय आपोआप मंद व्हायचे आणि शब्द सुरू व्हायच्या आत थांबायचे. मी आईला कौतुकाने दाखवायची, "बघ, किती छान शिकलेत."

तिसऱ्या वर्षी त्यांना सायकलवर चढता येईना. चालताना पाय मध्येच चिकटायचे, विशेषतः दारात. मन पुढे निघालेलं आणि पावलं फरशीवरच. आता त्यांचा एकच हट्ट उरला होता, संध्याकाळी कुणाचा हात न धरता फाटकापर्यंत जायचं. खुर्चीपासून फाटक सव्वीस पावलं, त्यांनी मोजलेलं होतं. "सव्वीसच तर आहेत," ते म्हणायचे, आणि चौथ्या-पाचव्या पावलाला दाराच्या उंबऱ्याशी अडकायचे.

घरी एक फिजिओथेरपिस्ट यायचा, नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलेला. तो म्हणाला, "ताई, गाण्याच्या तालावर पाय सुटतात. काकांचं सगळ्यात आवडतं गाणं लावा, मग बघा." मला स्वतःचाच राग आला. अख्खा जन्म गाण्यावर लोकांचे पाय हलवण्यात गेला आणि हे मला सुचू नये?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा खुर्चीतून उठले. आई फाटकाशी जाऊन उभी राहिली, फिजिओथेरपिस्ट बाजूला. बाबांनी तीन पावलं टाकली, बरी टाकली. मी फोनवर त्यांचं गाणं लावलं.

बासरी सुरू झाली आणि बाबा थांबले. अडकले नाहीत, थांबले. खांदे खाली आले, श्वास सुटला, पाय एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले. "चला ना काका," तो म्हणाला. बाबा हलेनात. मी गाणं बंद करून पुन्हा लावलं, मूर्खासारखं, आवाज वाढवून. पुन्हा तेच. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा तेव्हा फारसा हलत नसे, पण डोळे हसत होते. हळू आवाजात म्हणाले, "तूच शिकवलं ना बेटा. हे लागलं की थांबायचं."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. त्यांच्या जन्मभराच्या गाण्याचं मी काय करून ठेवलं होतं! पहिल्या नंबरला लावलं असतं तर त्याच गाण्यावर ते निघाले असते. माझ्याआधी कूल-डाउन हा शब्द त्यांना माहीतही नव्हता.

बाबांना चालवलं शेवटी ढोलाने. भियांचं ते पत्र्यावर दगड पडणारं गाणं मी चिडून लावलं, आणि पहिल्याच ठेक्याला त्यांचा उजवा पाय उचलला गेला. दार ओलांडलं, पायरी उतरले, फाटकाला हात लावला. सव्वीस. रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत ते गाणं वाजायचं, आणि गणिताचे प्राध्यापक तोंड वाकडं करून त्यावर चालायचे. शेजारचे हसायचे, आम्हीही हसायचो. आठ महिने ते असे चालले. त्यांचं गाणं मात्र घरात पुन्हा वाजलं नाही. रेडिओवर लागलं तरी मी धावत जाऊन बंद करायची. त्यांनी कधी विचारलं नाही.

मग तापाचं निमित्त झालं आणि ते अंथरुणाला खिळले. छातीत कफ भरला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आडून आडून सगळं सांगितलं होतं. एका दुपारी मी उशाशी बसले होते. बाबांनी माझ्या फोनकडे बोट केलं. मी विचारलं, "गाणं हवंय?" त्यांनी पापण्या मिटून होकार दिला. मग ओठ जमवून हवा फुंकली. आवाज आला नाही, पण ती बासरी होती. मला कळलं. ताबडतोब कळलं.

मी ते लावलं नाही. मला भीती वाटली. मी शिकलेली बाई आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या दुपारी माझ्या मनात एवढंच होतं की हे लागलं की बाबा थांबतात. मी न कळल्यासारखं केलं आणि ढोलाचं गाणं बारीक आवाजात लावलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. चादरीखाली त्यांचा उजवा पाय थोडा थोडा हलू लागला. मी तो हातात धरून बसले आणि मला वाटलं, मी जिंकले.

ते आणखी दोन दिवस होते. श्वास घेताना फार त्रास झाला त्यांना.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. चार महिन्यांनी, आई स्वयंपाकघरात मेथी निवडत असताना, माझ्या तोंडून निघून गेलं. तिने ऐकून घेतलं. हातातली जुडी संपवली, देठ एकीकडे केले.

"तुला काय वाटलं, त्यांना ठाऊक नव्हतं ते गाणं लागलं की काय होतं?" ती म्हणाली. "ठाऊक होतं म्हणूनच मागत होते ना. थकले होते गं ते."

क्लास मी अजून घेते. शेवटचं गाणं लावत नाही, नुसतं तोंडाने सांगते, हळू करा, थांबा. परवा भियांनी विचारलं, "दीदी, वो बांसुरी वाला क्यों नहीं लगातीं आजकल?" मी म्हटलं, फोनमधून उडालं.

ते फोनमध्येच आहे.