प्लायवुडचा शत्रू

कुमठेकर काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही. बोटाच्या गाठीने दार दोन-तीन ठिकाणी ठोकून पाहिलं, कान लावला, आणि मी दार उघडताच नाव-गाव न सांगता म्हणाले, "आत पोकळ आहे. बिल्डरने फसवलंय तुम्हाला." मग चपला काढून सोफ्यावर बसले आणि चहा येईपर्यंत सोफ्याची तपासणीही उरकून टाकली. दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. पुण्याची माणसं आलीत असं कळल्यामुळे काका आमची चौकशी करायला आले होते. आमची चौकशी राहिली, दाराची झाली.

काकांची सगळी नोकरी संरक्षण खरेदीशी संबंधित एका कचेरीत गेली होती. ते कधीच सैनिक नव्हते, पण हे त्यांना कुणी बोलून दाखवलेलं चालत नसे. रणगाडे आणि चिलखती गाड्या विकत घेण्याआधी त्यांच्या चाचण्या होतात, त्या चाचण्यांच्या समितीवर ते मुलकी सदस्य असत. तेवढ्या भांडवलावर त्यांनी लष्करी मिशा वाढवल्या, लष्करी बूट घेतले आणि सोसायटीच्या बागेत सकाळी लष्करी चालीने फेऱ्या मारायला सुरुवात केली. गुडघे तेवढे मुलकी राहिले, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर बाकावर बसावं लागे.

दिल्लीत शस्त्रांचं प्रदर्शन भरलं की काका कापडी पिशवी घेऊन जात आणि मेथीच्या जुड्या आणाव्यात तशी गुळगुळीत कागदाची ब्रोशरं भरून आणत. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात लोक बाहुल्या आणि ट्रॉफ्या ठेवतात, तिथे यांची ब्रोशरं. तोफेचा पल्ला, पोलादाची जाडी, इंजिनाची ताकद, सगळं तोंडपाठ. कुठल्याही वादात त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, "ब्रोशरमध्ये काय लिहिलंय?" मिक्सर बिघडला तरी हेच आणि डॉक्टरांनी गोळी बदलली तरी हेच. नलूकाकू म्हणायच्या, "माझं ब्रोशर नव्हतं यांच्याकडे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात परत पाठवली असती मला."

चाचण्यांच्या गोष्टी सांगताना काका रंगात येत. वाळवंटात शामियाना घातलेला, आत कूलर, काजूची बिस्किटं, हातात दुर्बीण. समोर रणगाडा सज्ज. लांबवर शत्रू, म्हणजे चुन्याने रंगवलेली प्लायवुडची फळी. वारा पडेपर्यंत सगळे थांबत. धूळ बसली, ऊन बरं झालं, साहेबांचा चहा झाला की मग गोळा सुटे. फळीचे तुकडे होत आणि शामियान्यात टाळ्या पडत. काकांनी पाहिलेल्या एकूण एक लढाया आपण जिंकलेल्या होत्या. त्या फळ्यांनी उलट गोळी कधी झाडली नाही आणि एकही फळी डोक्यावरून उडत आली नाही.

यातला एक किस्सा तर सोसायटीतल्या प्रत्येक मराठी घराने ऐकलेला होता. "रणगाडा म्हणजे काय," काका समजावत, "पुढून किल्ल्याची भिंत, वरून नुसता पत्रा. शत्रू समोरूनच येणार ना! सगळं वजन पुढे." एका चाचणीत एक तरुण कॅप्टन उभा राहिला आणि म्हणाला की छतही जाड करा, यापुढे मारा वरून होणार आहे. छत जाड केलं की वजन वाढणार, मग पूल पेलणार नाही, रेल्वेची वाघीण पेलणार नाही आणि सगळे कागद पहिल्यापासून करावे लागणार. तेव्हा काका खुर्चीतूनच म्हणाले होते, "वरून कोण मारणार? कावळा?" अख्खा शामियाना हसला आणि कॅप्टन खाली बसला. हे सांगताना काकांच्या मिशा दरवेळी नव्याने थरथरायच्या.

त्यांचा जावईही हा किस्सा ऐकून होता. अनिकेत रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये मेजर. सासऱ्यांचा किस्सा तो शांतपणे ऐके, हसायच्या जागी हसे आणि आणखी श्रीखंड मागे.

मी नोएडातल्या एका हिंदी वृत्तवाहिनीत काम करते. रोज संध्याकाळी चर्चेला तज्ज्ञ गोळा करून आणायचे, हे माझं काम. परदेशात ते मोठं युद्ध पेटलं तेव्हा दिल्लीतला निवृत्त जनरल मिळेना. चार-चार वाहिन्या एकाच जनरलला ओढत होत्या. मी काकांना मेट्रोत बसवून नोएडाला नेलं. स्टुडिओच्या फरशीवर कॉम्प्युटरने काढलेला रणगाडा फिरत होता आणि काका त्याच्याभोवती वर्षानुवर्षांच्या ओळखीने फिरले. आमच्या अँकरला ते फार आवडले, कारण ते न अडखळता बोलत आणि मध्येच आकडे फेकत.

मग पडद्यावर ती क्लिप आली. खेळण्याएवढा ड्रोन रणगाड्याच्या डोक्यावर येऊन थांबतो, एक बॉम्ब टाकतो, छत फुटतं. आतल्या माणसांच्या बुडाखालीच रणगाड्याचा दारूगोळा ठेवलेला असतो, तो पेटतो आणि वरचा घुमट तोफेसकट आकाशात उडतो. अँकरने विचारलं, "सर, करोड़ों का टैंक, और इतना-सा ड्रोन?"

काकांनी क्लिपकडे रागाने पाहिलं. "देखिए, ये लोग गलत तरीके से लड़ रहे हैं. टैंक को सामने से मारने का होता है."

ते युद्धावरच नाराज झाले होते. पुढे तिथल्या सैनिकांनी वरून मारा होऊ नये म्हणून रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे वेल्ड केले, तेव्हा काकांनी त्याला कोंबड्यांचं खुराडं म्हटलं. ब्रोशरमध्ये असं काही नव्हतं. आमचा टीआरपी चढला आणि काकांना बोलावणी सुरू झाली.

नंतर आपल्याच सीमेवर तणाव वाढला. अनिकेतची रेजिमेंट पुढे सरकली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मुग्धा, काकांची मुलगी, लेकीला घेऊन माहेरी आली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे सेनापती झाले. टँक म्हटलं की ज्यांना गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते, ते कुठल्या शहरात आधी घुसायचं हे ठरवू लागले. काका मात्र ग्रुपवर गप्प. मी चर्चेला बोलावलं तर तब्येत बरी नाही म्हणाले. नलूकाकूंनी सांगितलं, ते टीव्ही आवाज बंद करून बघतात आणि ती उडणाऱ्या घुमटाची क्लिप आली की मान फिरवतात.

एकदा जेवताना काकूंनी सहज विचारलं, "अहो, अनिकेतरावांचा रणगाडा वरून चांगला आहे ना हो?"

काका पानावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन केला. "वैशाली, आज मला बोलव."

त्या संध्याकाळी स्टुडिओत पाच तज्ज्ञ एकाच वेळी ओरडत होते. अँकरने काकांकडे बोट केलं. "कुमठेकर सर, हमारा टैंक अभेद्य है. हाँ या ना?"

"सामने से हाँ," काका म्हणाले. "ऊपर से ना. छत पतली है. मोटी करने की बात आई थी, तब मैं कमेटी में था. मैंने मना किया. मज़ाक उड़ाया एक अच्छे अफसर का. अभी भी टाइम है. जाली लगाओ, पिंजरा लगाओ, जो मिले वो लगाओ. अंदर अपने बच्चे बैठे हैं."

पुढचं वाक्य देशाने ऐकलं नाही. बनियनची जाहिरात लागली होती. माझ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "ये किसको उठा लाई हो, यार?" ग्रुपवर तासाभरात काका गद्दार ठरले. पार्किंग समितीतून त्यांना काढण्याचा ठराव आला आणि जिना चढताना धाप लागणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना सीमेवर जाऊन लढून दाखवायला सांगितलं. माझ्या वाहिनीने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. खरं बोललेल्या तज्ज्ञाचा आमच्या धंद्यात काही उपयोग नसतो.

घरी वेगळंच वादळ होतं. मुग्धा बापासमोर उभी राहून रडत म्हणाली, "बाबा, इतके दिवस मला माहीत तरी नव्हतं. आता त्याच्या आईने बंगळूरहून फोन केला. काय सांगू मी त्यांना?" मला तेव्हा काकांची दया आली आणि रागही आला. आयुष्यभर चुकीचं बोलून टाळ्या घेतल्या आणि एकदाच खरं बोलले, ते नेमकं लेकीला झोप लागू नये अशा वेळी.

सुदैवाने ते सगळं निवळलं. लढाई झाली नाही. अनिकेत सुट्टीवर आला तेव्हा काकूंनी आम्हालाही जेवायला बोलावलं. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं, पण त्यांची आठवण निघाली की मला हेच जेवण आठवतं. पहिला भात संपला. मग काका हातातला घास खाली ठेवून म्हणाले, "अनिकेतराव, माझं चुकलं."

"कशाबद्दल, बाबा?"

"छताबद्दल."

अनिकेत मोकळेपणाने हसला. "अहो बाबा, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. आत बसून वर हात लावला की कळतं. तुमची क्लिप आमच्याकडे पोचली तेव्हा माझा ड्रायव्हर म्हणाला, साहब, आपके ससुरजी को आज पता चला?"

मुग्धा हसली नाही. काकाही हसले नाहीत. त्यांनी जावयाला विचारलं,

"माहीत असून बसता तुम्ही आत?"

"दुसरा रणगाडा कुठाय, बाबा?" अनिकेत म्हणाला.

त्याच्या बोलण्यात ना टोमणा होता, ना आवेश. कोशिंबीर पुढे सरकवत तो बोलला आणि पुन्हा जेवू लागला. मी इतकी वर्षं काकांची टिंगल करत आले, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. काका उठले. काकूंच्या हातातून त्यांनी भाताचं पातेलं घेतलं, जावयाच्या पानात स्वतः भात वाढला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं आणि तो जेवून उठेपर्यंत त्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.