शनिवारचा बिनसर्टिफिकेटचा तास

प्रशिक्षणाच्या पहिल्याच सकाळी मला झाड व्हायला सांगण्यात आलं.

मुलुंडच्या एका सभागृहात आम्ही चाळीसेक इंग्रजीचे शिक्षक गोल करून उभे होतो. गळ्यात ओळखपत्रं, हातात रंगीत चिकटचिठ्ठ्या आणि मधोमध गालाला माइक लावलेला तिशीतला प्रशिक्षक. वाऱ्यावर डोलायचं, फांद्या हलवायच्या. त्यानं म्हणे मन मोकळं होतं आणि शिकायला तयार होतं. माझ्या शेजारचे सर डोळे मिटून इतके मनापासून डोलत होते की मला त्यांचीच काळजी वाटायला लागली. मी एक खुर्ची ओढली आणि बसले.

"मॅम, तुम्ही झाड आहात ना?" प्रशिक्षकानं विचारलं.

"होते. आता फर्निचर झालंय."

लोक हसले. तोही हसला बिचारा, आणि माझ्या नावापुढे काहीतरी टिपून घेतलं.

माझं वय अडुसष्ट. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. घरी नातवंडांच्या मागे धावायचं वय, पण माझी नात इंग्रजी माध्यमातली. ती माझे उच्चार सुधारते आणि वर "आज्जी, इट्स ओके" असं म्हणून माफही करते. त्यामुळे कांजूरमार्गच्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी फोन करून "बाई, सातवीला इंग्रजी शिकवायला कुणी मिळत नाहीये, येता का?" असं विचारलं, तेव्हा मी चप्पल घालूनच फोन ठेवला.

त्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवणारी एक तरुण मुलगी आहे. अकोल्याकडची, बुद्ध विहारातल्या अभ्यासिकेत बसून शिकलेली, घराण्यातली पहिली शिक्षिका. अजून कायम झालेली नाही. तिनं आल्या-आल्या मला विचारलं, "बाई, मी तुमच्या वर्गात मागं बसू का? बघायला?" मी म्हटलं, "बस. पण मग मीही तुझ्या वर्गात बसणार." तिथून आमचा तास सुरू झाला. शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या दिवशीचा शेवटचा तास एका आठवड्यात तिचा वर्ग, दुसऱ्या आठवड्यात माझा. वेळापत्रकात तशी जागा मी भांडून करून घेतली. नियम दोनच. त्या तासाची आधी तयारी दाखवायची नाही, रोज शिकवतो तसंच शिकवायचं. आणि नंतर चहा घेताना जिचा वर्ग होता तिनं पहिल्यांदा सांगायचं की आपलं काय चुकलं. कौतुक करायला बंदी.

सगळं झकास चाललं होतं. मग संस्थेचा कागद आला. इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाचा 'निरंतर व्यावसायिक विकास' झालाच पाहिजे. कागद वाचून मी खूश झाले. म्हटलं, आमचा तर होतोच आहे, दर शनिवारी. पण खाली बारीक अक्षरात होतं की ज्याचं सर्टिफिकेट मिळतं तोच विकास.

"बाई, तुमच्या त्या तासाला सर्टिफिकेट कुठाय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. बाई वाईट नाहीत. वरून दट्ट्या आला की खाली सरकवतात, एवढंच. "शनिवारचा शेवटचा तास आता कॉम्प्युटर रूममध्ये. ऑनलाइन व्हिडिओ बघायचे, खाली प्रश्न असतात, बटण दाबायचं."

"आणि आम्ही एकमेकींच्या वर्गात बसतो ते?"

त्या म्हणाल्या, "आधी मुलुंडला पाच दिवसांचं प्रशिक्षण आहे. ते देणारे सर नंतर इथं येणार आहेत, तुमचा डेमो बघायला. त्यांनी अहवालात एक ओळ लिहिली, की या शाळेत शिक्षक एकमेकांकडून शिकतात, तर मला वरती काही दाखवता येईल. एकच ओळ. छानसा धडा दाखवा ना, बाई."

म्हणजे आमचा तास त्या एका ओळीवर लटकला.

बाहेर आल्यावर माझी ती तरुण मैत्रीण म्हणाली, "बाई, मुलांकडून धडा आधी करून घेऊ या ना. दोनच दिवस. मलाबी वाटतं तास राहावा."

"नाही," मी म्हटलं.

"एवढं काय त्यात?"

मग मी तिला सांगितलं एवढं काय त्यात.

मी पंचविशीत होते तेव्हा फार भारी शिक्षिका होते. स्टार्च केलेली साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि तोंडात सदा "व्हेरी गुड, क्लॅप फॉर हिम". माझ्यासारखी मीच, असं मला वाटायचं आणि वाटतं ते मी लपवायचे नाही. पर्यवेक्षक साहेब आदर्श पाठ बघायला येणार म्हणून मी आठ दिवस पाचवीला एकच धडा घोटून घेतला. टेबलावर मातीचं सफरचंद, टेबलाखाली कापडी मांजर, भिंतीला छत्री आणि एका माणसाचं चित्र. बारा प्रश्न, बारा उत्तरं, त्याच क्रमानं. मुलांना झोपेत ढोसलं असतं तरी सातवं उत्तर सांगितलं असतं.

साहेब आले. मागे सात-आठ शाळांचे शिक्षक. त्या गडबडीत मी तिसरा प्रश्न गाळून थेट चौथा विचारला, "व्हॉट कलर इज द अम्ब्रेला?"

साठ मुलं एका सुरात ओरडली, "इट इज अंडर द टेबल!"

मी पुढचा विचारला, "हू इज दिस मॅन?" उत्तर आलं, "इट इज ब्लॅक!" मुलांचं काही चुकत नव्हतं. ती क्रमानंच चालली होती, माझी गाडी एक डबा पुढे निघून गेली होती. थांबायची अक्कल मला नव्हती. मी "व्हेरी गुड" म्हणत राहिले. शेवटचा प्रश्न संपल्यावर मुलांकडे एक उत्तर शिल्लक राहिलं. तेही त्यांनी न विचारता देऊन टाकलं, उगाच वाया कशाला घालवायचं.

"मग?" मैत्रिणीनं तोंडावर ओढणी दाबत विचारलं.

"मग साहेबांनी टाळ्या वाजवल्या. उत्कृष्ट असा शेरा लिहिला. त्यांना प्रश्नही कळले नव्हते आणि उत्तरंही. आणि मागे बसलेल्या एकाही शिक्षकानं तोंड उघडलं नाही. उद्या त्यांच्याही वर्गात साहेब येणारच होते ना! पुढची तीन वर्षं मी ते मातीचं सफरचंद पिशवीत घालून घाटकोपर, भांडुप, विक्रोळी फिरले. इतरांना शिकवायचं कसं ते शिकवत! आमची आई मालवणची. ती म्हणायची, गो, त्या सफरचंदाक तरी लाज वाटूक व्हयी. मला वाटायचं, हिला इंग्रजी येत नाही म्हणून जळते."

मैत्रीण हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं, नाही घोटायचं. जे होईल ते."

जे झालं ते असं. प्रशिक्षक टॅब घेऊन शेवटच्या बाकावर बसला. शेजारी मुख्याध्यापिका आणि माझी मैत्रीण. धडा होता रस्ता सांगायचा. पुस्तकात एक नकाशा आहे. त्यात पोस्ट ऑफिस, बाग, कारंजं असं सगळं नीट आखलेलं. मी पुस्तक मिटायला लावलं आणि म्हटलं, आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता सांगा, इंग्रजीत, मोडकं-तोडकं चालेल.

शांतता. एक मिनिट, दोन मिनिटं. वर्गातली शांतता किती लांब असते हे शिक्षकालाच ठाऊक. मी थांबले. आणि मागून तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. जूनपासून ती इंग्रजीत एकच शब्द बोलली होती, "प्रेझेंट". ती म्हणाली, "फ्रॉम माय हाउस गो स्ट्रेट. व्हेअर स्मेल स्टार्ट, देअर टर्न लेफ्ट."

वर्गात कुणी हसलं नाही. डम्पिंग ग्राउंडचा वास नक्की कुठल्या टपरीपाशी सुरू होतो ते सगळ्यांना माहीत होतं. इतका अचूक रस्ता मला उभ्या नोकरीत कुणी सांगितला नव्हता.

आणि मी काय केलं? मी त्या टॅबकडे बघितलं. आणि माझ्या तोंडातून ती स्टार्चच्या साडीतली भवानी बोलली, "नो, नो. से, टर्न लेफ्ट नियर द पोस्ट ऑफिस."

तिच्या रस्त्यात पोस्ट ऑफिस नाही. मुलगी खाली बसली. मी "सॉरी, माझं चुकलं, तू बरोबर होतीस, परत सांग" म्हटलं, दोनदा म्हटलं. ती काही उठली नाही. नंतर कुणीच उठलं नाही.

शिक्षक खोलीत चहा आला. प्रशिक्षक म्हणाला, "मॅम, आपण पॉझिटिव्हपासून सुरुवात करू या."

"आमच्यात तशी पद्धत नाही," मी म्हटलं. "माझा वर्ग होता, मी पहिली. एक पोर पहिल्यांदा स्वतःचं वाक्य बोलली आणि मी तिचं तोंड बंद केलं."

मुख्याध्यापिका मला डोळ्यांनी गप्प करत होत्या. अजून सावरता आलं असतं. कुणी म्हटलं असतं, छे हो बाई, छान झाला धडा, तर ती ओळ पदरात पडली असती. मी मैत्रिणीकडे बघितलं. तिची नोकरी कच्ची. समोर नोकरी देणाऱ्याही बसलेल्या आणि शेरा लिहिणाराही.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही टॅबकडं बघितलं. पोरीकडं बघायचं होतं. दुसरं म्हणजे, तुम्ही सॉरी सगळ्या वर्गासमोर म्हटलं. त्यानं ती अजूनच दबली. जवळ जाऊन म्हणायचं."

दुसरं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की मी बिस्किट चहात बुडवलं आणि बुडूच दिलं.

"आता तुम्ही," मी प्रशिक्षकाला म्हटलं. "तुमच्या पाच दिवसांत काय चुकलं?"

"मी? मी ऑब्झर्व्हर आहे, मॅम." तो हसला. मग कप फिरवत हळूच म्हणाला, "जेवणानंतरची सेशन्स. कुणी ऐकत नव्हतं. मलाही कळत होतं."

"मग हेच लिहा ना अहवालात. की इथं असं बोलतात."

त्यानं टॅब वर-खाली सरकवून बघितला, खरंच बघितला. "यासाठी रकाना नाहीये, मॅम."

ओळ आली नाही. माझ्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक' आलं. त्याबद्दल माझं भांडण नाही, ते खरंच आहे. पण वेळापत्रकातल्या शनिवारच्या शेवटच्या तासावर लाल रेघ आली आणि कॉम्प्युटर रूमची किल्ली आमच्या टेबलावर येऊन पडली.

"तू जा व्हिडिओ बघायला," मी मैत्रिणीला म्हटलं. "तुला कायम व्हायचंय. मला काय करणार आहेत, निवृत्त?"

"या आठवड्याचा व्हिडिओ मी सकाळी डाळ शिजेस्तोवर बघितला. बटणंही दाबली. शनिवारी माझा वर्ग आहे. तुम्ही येणार का नाही?"

गेले. सहावीच्या शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. माझा फोन पर्समध्ये कुरकुरत होता. 'प्रिय प्रशिक्षणार्थी, आपण मागे पडत आहात.' पडू दे. मैत्रिणीनं फळ्यावर काहीतरी लिहिलं, तिलाच पटलं नाही, तिनं पुसलं. मी वहीत टिपायला लागले, तेवढ्यात दारात मुख्याध्यापिका.

"बाई, हे काय चाललंय?"

"या बाई चुकतायत आणि मी बघतेय. बाकावर जागा आहे, या."

त्या वर्गाकडे बघत उभ्या राहिल्या. मुलं उठायला लागली, त्यांनी हातानंच बसवलं.

"मी इकडे आले नव्हते," त्या म्हणाल्या.

"बरं."

त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं, व्हरांड्यातून कुणाला दिसू नये म्हणून नीट, फट मिटेपर्यंत. मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस गं? पोरांकडे बघ."