जबरीच्या बांगड्या

"आण गं हात हिकडं," असं ती म्हणेपर्यंत आपला हात तिच्या मांडीवर गेलेला असायचा. बांगड्या भरताना ती हाताकडं बघायचीच नाही. बोटं आपलं काम करायची आणि ही मान वर करून गल्लीतल्या बातम्या सांगायची. कुणाची म्हैस व्याली, कोण बाळंतपणाला माहेरी आली. अशी कासारीण तुम्हीही पाहिली असेल. आमची कासारीण मावशी मात्र तोंडानं जरा जास्तच फटकळ होती.

आमचं गाव तेव्हा सरकारी कागदांवर मोमिनाबाद होतं, बायकांच्या तोंडी आंबेजोगाई. माझं सासर मोठं, शेतीवाडीचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाचा चुडा मावशीनंच भरला. "हात न्हवं ही काडी हाय. खाया घाला पोरीला," असं ती सासूबाईंना तोंडावर म्हणाली. त्या घरात असं बोलायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती.

तिच्या विसरण्याची आम्हाला आधी गंमतच वाटली. सकाळी येऊन गेलेली दुपारी पुन्हा टोपली घेऊन दारात हजर. "लई दिस झाले बाई, येणंच न्हाई झालं." जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा थोरल्या जाऊबाईंच्या एका हातात तिनं हिरव्या भरल्या आणि दुसऱ्या हातात लाल, वर म्हणाली, "शोभतंय." पुढं ती स्वतःच्याच घराची वाट विचारू लागली तेव्हा आमचं हसू थांबलं. तिचा म्हातारा दुकान बंद करून तिच्या मागं दहा पावलांवर चालायचा. तिला कळू द्यायचा नाही.

त्यानं तिला हकीमसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ये मर्ज जाता नई. मगर इनकू चलने देव, लोगां में बैठने देव, बरसों निकालते. कोने में बिठाए तो जल्दी जाते." हे म्हाताऱ्यानं घरोघर सांगितलं. तिला कुणी दारातून परतवू नये एवढंच त्याला हवं होतं, आणि कुणी परतवतही नव्हतं.

अशात माझे मालक प्लेगात गेले. मी एकोणीस वर्षांची. माझ्या बांगड्या फुटल्या, आणि कासारीण आली की मी परसात जाऊन बसू लागले.

दोन वर्षांनी, पंचमीच्या आदल्या दिवशी, जावा ओसरीवर बांगड्या भरून घेत होत्या. मावशी मधूनच उठली आणि परसात येऊन माझ्यासमोर बसली. मी ज्वारी निवडत होते. "आगं, समद्याच वाढवल्यास? कावून गं इतकी धांदरट तू?" आम्ही बायका बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. तिला वाटलं मी बांगड्या कामाधामात वाढवल्या. एका शब्दानं मी तिला सांगू शकले असते. पण दोन वर्षांत माझा हात कुणी हातात घेतला नव्हता. मी तो पुढं केला. तिनं सात हिरव्या बांगड्या भरल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? मी हात हलवून त्यांचा आवाज ऐकला.

त्या आवाजानं सासूबाई आल्या. मागोमाग जावा.

"तू हात दिलास?" सासूबाईंनी विचारलं.

मी हात पदराखाली ओढला. मग मी म्हणाले, "नाही. मावशीनं जबरीनं धरला."

"व्हय, म्याच धरला," मावशी हसत म्हणाली. "लेकीचा हात म्या न्हाई धरायचा, तर कुनी?"

म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. त्याला माझा हात दाखवला, मग त्याच्यादेखत पाट्यावर हात ठेवून सासूबाईंनी बांगड्या फोडल्या. "सवाष्ण कोण, रांडमुंड कोण कळत न्हाई हिला. उद्यापासून घरात ठेव." आमच्या घरानं दार लावलं म्हटल्यावर गल्लीनंही लावलं.

पहिले काही दिवस ती सकाळ झाली की बंद दाराची कडी आतून वाजवायची. आमच्या माडीवर ऐकू यायचं. मग ते थांबलं. महिन्याभरानं म्हातारा आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. "मालकीणबाई, ती जेवंना झालीया. तुमी हो म्हनला तर गल्ली हो म्हनंल. म्या संगं ऱ्हातो, टोपली बी नगं. धाकल्या बाईंनी एक शबूद सांगावा."

"इचार तिलाच," सासूबाई म्हणाल्या.

मी दाराआड होते. तो बराच वेळ थांबला. मी तशीच परसात निघून गेले.

तिला कशानं नेलं? वय झालं होतं. उठता उठता पडली, मग अंथरूण धरलं, अन्न सुटलं, थंडीत छाती भरून ताप आला. हकीमसाहेब बरसों म्हणाले होते. पाच महिनेही निघाले नाहीत. जे व्हायचं ते झालंच असतं, असं जाऊबाई मला समजवायच्या. मला ते कधी पटलं नाही.

तेरावा झाल्यावर देवीच्या देवळाचं निमित्त काढून मी तिच्या घरी गेले. म्हातारा एकटाच बसून बांगड्या दोरीत ओवत होता. उंबऱ्याबाहेरूनच मी म्हणाले, "बाबा, मावशीनं जबरी केली नव्हती. मीच हात दिला होता."

"ठावं हाय, माय," तो वर न बघता म्हणाला. "काचंची बांगडी जबरीनं भरता येत न्हाई. हात आवळला की फुटती. म्या आलो तवा तुझ्या हातात साती धड हुत्या."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तिचं समदं सरत आलतं. तुला त्याच घरात जलम काढायचाय."

सासूबाईंनी जन्मभर बांगड्या भरून घेतल्या होत्या, जावांनीही. बांगडी जबरीनं भरता येत नाही, हे त्या दिवशी परसात उभ्या असलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.